नावाचा अर्थ आणि नावाची हाक

गेल्या पावसाळ्यात एक तरुण दांपत्य आपल्या तान्ह्या मुलीच्या स्नानसंस्काराची नोंद करण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात आले होते. पती वसईचा, पत्नी गोव्याची. सोबत पतीची आई होती आणि बाळ तिच्याच मांडीवर झोपले होते. पत्नीच्या हातात एक कागद होता. त्यावर वीस-बावीस नावे लिहिलेली होती आणि दोन-तीन सोडून बाकी सर्वांवर काट मारलेली होती. आम्ही कुतूहलाने विचारले तेव्हा कळले की, प्रत्येक नावाचा अर्थ पाच-सहा भाषांत तपासून पाहण्यात आला होता. ज्या नावाला कोठेतरी काही विचित्र अर्थ निघाला, ते नाव बाद झाले होते. यादीतील पहिलेच नाव 'लता' असे होते. ते त्या आजीचे नाव. परंतु पत्नीचा भाऊ लिस्बनला असतो. त्याने दूरध्वनीवरून कळविले होते की, पोर्तुगीज भाषेत 'लाता' म्हणजे पत्र्याचा डबा. उद्या मुलगी मामाकडे गेली तर लोक हसतील, अशी आईला धास्ती वाटत होती.

आमचे मत विचारण्यात आले. सेमिनरीत शिकलेल्या चार भाषांचा अभिमान माणसाला उतारवयातही सोडत नाही. आम्ही सांगून टाकले की, स्पॅनिशमध्येही त्या शब्दाचा तोच अर्थ आहे. शिवाय कोणी फार त्रास देऊ लागला की त्याच शब्दाचा वाक्प्रचार तेथे वापरतात. झाले! काट पक्की झाली. आजी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी बाळाचे दुपटे सारखे केले आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

ते सारे निघून गेल्यावर आम्हांस राहवेना. त्या आजी याच धर्मग्रामाची लेक आणि सूनही. आम्ही जुनी नोंदवही काढून पाहिली. त्यांचे स्नानसंस्काराचे नाव 'दोलोरेस' असे लिहिलेले होते. सप्टेंबरच्या मध्यावर, दुःखी मातेच्या सणाच्या सुमारास, जन्मलेल्या मुलीला त्या वेळच्या धर्मगुरूंनी ते नाव दिले असावे. त्या शब्दाचा अर्थ 'दुःखे' असा आहे. म्हणजे ज्या बाईच्या एका नावाचा अर्थ दुःख आणि दुसऱ्याचा परक्या भाषेत डबा, तिने त्याच दोन नावांनिशी एवढे आयुष्य काढले, लेकरे वाढवली, संसार उभा केला. ती नावे कोणाला खटकली नाहीत. ती खटकली आम्हांला, आणि तीही शब्दकोश उघडल्यावर! प्रस्तुत लेख या रुखरुखीतून लिहिला आहे.

आजकाल घरोघरी आढळणाऱ्या नावांच्या पुस्तिका हा आपल्या वाङ्मयव्यवहाराचा एक प्रकार आहे. त्याची समीक्षा कोणी करीत नाही. पण कादंबरी आणि कवितासंग्रह न वाचणारी कुटुंबेही ही पुस्तिका मात्र आवर्जून वाचतात. आता तर ती भ्रमणध्वनीवरच मिळते. तिची रचना ठरलेली असते: डावीकडे नाव, उजवीकडे एका शब्दात अर्थ. 'तेजस्वी', 'राजकन्या', 'देवाची देणगी' असे अर्थ ओळीने येतात. ते कोणत्या भाषेतून आले याचा उल्लेख बहुधा नसतोच. ही रचना वाचकाच्या मनात एक समज रुजविते, तो असा की, नाव म्हणजे अर्थ भरलेली कुपी आहे आणि कुपीतील द्रव्य शुद्ध असले की काम झाले. एकदा हा समज बसला की पुढची पायरी ओघानेच येते. कुपी सर्व भाषांत शुद्ध आहे ना, हे तपासावे लागते. जगात हजारो भाषा आहेत. ही तपासणी कोठे थांबणार?

वाचकांनी थोडी गंमत करून पाहावी. 'माला' हे नाव घ्या. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'वाईट', तर पोर्तुगीजमध्ये 'प्रवासाची पेटी'. रोमन लिपीत लिहिलेले 'पूजा' हे नाव स्पॅनिश माणूस वाचील तेव्हा त्याला लिलावातील बोली आठवेल. 'मोना' म्हटले की त्याला माकडीण दिसेल. 'कला' हे नाव फिनलंडच्या भाषेत गेले की त्याचा मासा होतो. अर्थात आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना हा अर्थ कलेपेक्षाही आवडेल! 'अनिल' हा संस्कृतात वारा, पण पोर्तुगीजमध्ये निळीचा रंग. याउलट 'अमर' हा शब्द स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन्ही भाषांत 'प्रेम करणे' या अर्थाने येतो. आणि सध्या ज्याची चलती आहे ते 'कियारा' हे नाव? इटालियन उच्चाराकडे कान दिला तर ते असिसीच्या संत क्लाराचे नाव आहे आणि त्याचा अर्थ 'उजळ'. आयरिश मूळ धरले तर त्याचा अर्थ 'काळी'. एकाच नावात उजेड आणि काळोख दोन्ही नांदतात.

सर्वांत बोलके उदाहरण तर आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. फ्रेंच भाषेत पवित्र मरियेचे नाव 'मारी' असे उच्चारतात. त्याच उच्चाराचा दुसरा शब्द त्या भाषेत 'नवरा' या अर्थाने रोज वापरला जातो. म्हणून कोणा फ्रेंच मातेने आपल्या मुलीला ते नाव देण्याचे टाळले नाही. तेथे शतकानुशतके घरोघरी मारी नांदत आली, आणि नवरेही नांदत आले. संदर्भ कळला की कान आपोआप योग्य अर्थ निवडतो.

बरे, आज सगळ्या भाषा तपासल्या तरी उद्याचे काय? 'कोरोना' या लॅटिन शब्दाचा अर्थ मुकुट. इटालियन भाषेत रोजरीच्या माळेलाही हाच शब्द आहे. त्या नावाची एक रक्तसाक्षी संतही ख्रिस्तसभेच्या परंपरेत आहे. २०२० साली त्या सुंदर शब्दाची काय गत झाली ते आपण सर्वांनी पाहिले. 'मर्सेदिस' म्हणजे कृपा. ते मरियामातेच्या एका बिरुदावरून आलेले नाव. १९०१ मध्ये एका व्यापाऱ्याच्या मुलीचे ते नाव मोटारगाडीला मिळाले आणि आज ते ऐकताच माता कमी आठवते, गाडी जास्त. कोणत्याही आईबापाला असे भविष्य आधी वाचता येणार नाही.

मग नावाचा अर्थ गौण आहे काय? तसे म्हणता येणार नाही. पवित्र शास्त्र तर नावांच्या अर्थांनी भरलेले आहे. तथापि ते अर्थ तेथे कसे येतात, हे साहित्याचा अभ्यासक म्हणून वाचण्यासारखे आहे. नामकरणाच्या कथा वाचताना आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसली: पवित्र लेखक अर्थाची नोंद करतो, परंतु त्याला शेवटचा शब्द देत नाही.

उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात राहेल प्रसूतीच्या वेदनांत मरण पावते. जाता जाता ती बाळाचे नाव 'बेनओनी' ठेवते, म्हणजे 'माझ्या दुःखाचा पुत्र'. याकोब ते नाव तसेच राहू देत नाही. तो त्याला 'बन्यामीन' म्हणतो, 'उजव्या हाताचा पुत्र'. विशेष हे की, 'ओनी' या इब्री शब्दाचा अर्थ 'सामर्थ्य' असाही लावता येतो. एकच ध्वनी, त्यात दुःखही आहे आणि बळही. मरणाऱ्या आईने कोणते ऐकले आणि जगणाऱ्या बापाने कोणते, यावर लेकराचे आयुष्य ठरले. याकोब स्वतः आपल्या नावापायी पोळलेला होता. टाच धरून जन्मला म्हणून त्याला ते नाव मिळाले आणि फसवला गेलेला एसाव त्याच नावावर बोट ठेवून त्याला ठक ठरवतो. ज्याला स्वतःच्या नावाचा काटा टोचला आहे, त्यानेच लेकराच्या नावातील काटा काढला.

रूथच्या पुस्तकातील नामीची कथा याहून सूक्ष्म आहे. इब्रीत तिच्या नावाचा अर्थ 'सुखद'. मराठी बायबलात ते 'नामी' असे आले आणि योगायोगाने मराठीतही तो चांगल्या अर्थाचाच शब्द झाला. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून ती बेथलेहेमला परतते तेव्हा ती गावातील स्त्रियांना सांगते की, यापुढे मला 'मारा' म्हणत जा. मारा म्हणजे कडू. मराठी कानाला हा शब्द किती विचित्र लागतो! आमच्या लहानपणी वाचन चालू असता हे वाक्य आले की मागच्या बाकांवर खसखस पिकत असे. परंतु पुढे काय घडते ते पाहावे. लेखक तिला एकदाही मारा म्हणत नाही. शेजारणीही म्हणत नाहीत. ती स्वतःला कडू म्हणवून घेते आणि सारे पुस्तक तिला तिच्या जुन्याच नावाने हाक मारत राहते. शेवटी रूथला पुत्र होतो तेव्हा त्याचे नाव आई ठेवत नाही, आजी ठेवत नाही. शेजारच्या स्त्रिया ठेवतात. तो ओबेद, दाविदाचा आजोबा. ज्या शेजाराने नामीला मारा म्हणण्यास नकार दिला, त्याच शेजाराने तिच्या नातवाला नाव दिले. आमच्या मते नामकरणाविषयी एवढे मार्मिक भाष्य अन्यत्र क्वचितच सापडेल. नाव एका व्यक्तीचे असते, पण ते टिकवितो शेजार.

नव्या करारात प्रेषित पौलाचे उदाहरण आहे. त्याचे इब्री नाव 'शौल' हे इस्राएलच्या पहिल्या राजाचे, म्हणजे मोठ्या मानाचे. परंतु ग्रीक भाषेत त्यासारख्याच उच्चाराचे एक विशेषण होते आणि ते ठुमकत, नखऱ्याने चालणाऱ्यासाठी वापरत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात, सायप्रसमध्ये, लेखक त्याला प्रथमच पौल म्हणतो. ग्रीक कानाला खटकू नये हेही त्यामागचे एक कारण असावे, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. ते खरे असो वा नसो, 'पौल' या लॅटिन नावाचा अर्थही फार भारदस्त नाही. त्याचा अर्थ 'लहान'. राजाचे नाव बाजूला ठेवून त्याने लहान हे नाव मिरविले आणि त्या नावाने जग पालथे घातले.

परक्या भाषेत नावाची फजिती होण्याचा सर्वांत मोठा प्रसंग मात्र ज्या संताच्या वाट्याला आला, तो आपल्या ओळखीचा आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी जपानमधील कागोशिमा येथे पोहोचले. त्यांच्यासोबत अंजिरो नावाचा जपानी ख्रिस्ती होता. त्याचा स्नानसंस्कार आदल्या वर्षी गोव्यात झाला होता. परमेश्वराला जपानी भाषेत काय म्हणावे, असा प्रश्न पडला तेव्हा अंजिरोच्या सांगण्यावरून 'दाइनिची' हा शब्द निवडण्यात आला. पुढे यामागुची येथे बौद्ध भिक्षूंशी चर्चा करताना संतांच्या ध्यानात आले की, हे तर त्यांच्या एका पंथातील बुद्धरूपाचे नाव आहे. त्यांनी तो शब्द तत्काळ सोडला आणि 'देऊस' हा लॅटिन शब्दच वापरण्यास आरंभ केला. जपानी जिभेवर त्याचा 'देउसु' झाला. विरोधकांना आयतेच कोलीत मिळाले. जपानी भाषेत 'दाइ' म्हणजे मोठे आणि 'उसो' म्हणजे खोटे. हा परदेशी माणूस 'दाइउसो'चा, म्हणजे महाथापेचा, प्रचार करीत आहे, अशी थट्टा सुरू झाली.

विचार करा. पत्र्याचा डबा कोठे आणि महाथाप कोठे! साक्षात परमेश्वराच्या नावाला याहून वाईट अर्थ कोणता चिकटावा? आजच्या पुस्तिकांच्या कसोटीने ते नाव पहिल्याच फेरीत बाद झाले असते. तरीही त्यांनी ते बदलले नाही. १६१४ मध्ये जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, अनेक श्रद्धावंत वधस्तंभांवर आणि आगीत गेले. जे उरले ते लपून राहिले. १८६५ मध्ये नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये या गुप्त ख्रिस्ती लोकांपैकी काहींनी फ्रेंच धर्मगुरूंना आपली ओळख दिली आणि १८७३ मध्ये बंदी उठली. अडीचशे वर्षे त्यांच्याजवळ ना ग्रंथ होते, ना मिस्सा होती. आईने लेकीला आणि बापाने लेकाला कानात सांगितलेल्या प्रार्थना तेवढ्या होत्या. त्या प्रार्थनांत तोच शब्द जिवंत होता: देउसु. हसणाऱ्यांनी ज्याचा अर्थ महाथाप असा केला, तो शब्द त्या माणसांनी प्राणापलीकडे जपला. त्यांच्यासाठी त्याचा अर्थ हसणाऱ्यांनी ठरविला नाही. ज्यांनी तो हाकेसाठी वापरला, त्यांनी ठरविला.

आमचे म्हणणे एवढेच आहे. शब्दाला अर्थ असतो. नावाला हाक असते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. नावाचा अर्थ ते नाव घेणाऱ्यांच्या तोंडी घडतो. पुस्तिकांतील दोष असा की, त्या नावाला शब्द समजतात आणि हाक मारणाऱ्या माणसाचा विचारच करीत नाहीत.

याचा अर्थ आईबापांनी सावध राहूच नये, असा कोणी घेऊ नये. लेकराची चेष्टा होणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. 'लूझ' हे पोर्तुगीज नाव प्रकाशाचे, मरियामातेच्या एका बिरुदातले. पण ते नाव घेऊन इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलीला वर्गातील पोरे सैल, ढिली म्हणून चिडवतात, हे आमच्या पाहण्यात आहे. स्पेनमध्ये निष्कलंक गर्भसंभवाच्या नावाचे लाडके रूप 'कोंचा' असे करतात. दक्षिण अमेरिकेतील काही देशांत मात्र तो शब्द सभ्य माणसाला उच्चारता येत नाही. म्हणून विवेक हवाच. लेकरू ज्या भाषांत वाढणार आहे त्यांना अवश्य विचारावे: घरातील बोली, शाळेच्या पटांगणाची भाषा, आणि कुटुंब परदेशी राहत असेल तर तेथील भाषा. परंतु सुटीत चार दिवस जिथे जायचे त्या गावच्या भाषेला घरातील नाव पुसण्याचा अधिकार देऊ नये. मामाच्या शेजाऱ्यांनी विचारलेच, तर मुलगी सांगेल की, माझ्या भाषेत याचा अर्थ वेगळा आहे. दोन वाक्यांत संपणारे ते संभाषण आहे, आणि त्यातून एखादी ओळखही होईल.

ख्रिस्तसभेचा नियमही याबाबत समंजस आहे. १९१७ च्या धर्मकायद्यातील ७६१ व्या कलमाने धर्मगुरूंना ख्रिस्ती नाव दिले जाईल अशी दक्षता घेण्यास सांगितले होते. ते जमले नाही तर पालकांच्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, अशी तरतूद होती. १९८३ च्या कायद्यातील ८५५ वे कलम त्याहून मोकळे आहे. ख्रिस्ती जाणिवेला परके असे नाव देऊ नये, एवढेच ते पालक, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांना सांगते. 'जाणीव' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कायदा शब्दकोशाकडे बोट दाखवीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपल्या घरांत लता, सुनीता, अनिल, किरण ही नावे निःसंकोचपणे आली, ती याच जाणिवेच्या बळावर. आपल्या वसईतील 'रमेदी' हे स्थळनामही पाहा. पोर्तुगीज 'रेमेदियोस' या शब्दाला आपल्या लोकांच्या जिभेने दिलेले ते रूप आहे. मूळ अर्थ किती जणांना ठाऊक असेल? तरी त्या नावाने नवस बोलले जातात आणि फेडले जातात.

आता आमच्या चुकीकडे वळतो. त्या दिवशी 'लता' हा शब्द कानी पडताच आम्हांस लिस्बनचा डबा आठवला. वेल आठवली नाही! योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय आम्ही किती वेळा वाचला असेल, किती प्रवचने त्यावर दिली असतील. प्रभू स्वतःला द्राक्षवेल म्हणवितो आणि आपल्याला तिच्या फांद्या. समोर एक लता बसलेली होती, तिच्या मांडीवर तिचीच फांदी झोपलेली होती, आणि आम्ही परभाषेतील वाक्प्रचार सांगत होतो. भाषा जाणणे आणि माणूस जाणणे यांत किती अंतर असते, हे आम्हांस पन्नाशी उलटल्यावर कळले.

स्नानसंस्कार यथासांग झाला. नाव काय ठेवता, असे आम्ही विधीप्रमाणे विचारले तेव्हा पित्याने 'कियारा' असे उत्तर दिले. नाव वाईट नाही. संत क्लारा त्या लेकराला सांभाळो. विधी संपल्यावर आजींनी बाळाला कडेवर घेतले आणि त्या कुंडापासून दाराकडे निघाल्या. जाताना त्या बाळाशी हलक्या आवाजात बोलत होत्या. त्यांनी तिला ज्या नावाने हाक मारली ते आम्ही ऐकले. नोंदवहीत ते नाव नाही.

तेव्हापासून कोणी नावांचा कागद घेऊन कार्यालयात आले की आम्ही तो कागद लगेच हाती घेत नाही. आधी विचारतो, 'घरात कोणाचे नाव मागे राहिले आहे का?' बहुतेक वेळा सोबत आलेले एखादे म्हातारे माणूस मान वर करून पाहते.